फाइल-व्यवस्थापन : चित्ररूप व आज्ञारूप साधने

फाइल-व्यवस्थापन : संगणकातील फाइली शोधणे, हलवणे, त्यांची नावे बदलणे, नक्कल काढणे व पुसणे ही कामे दोन रीतींनी होतात. एका रीतीत फोल्डरची चित्रे पडद्यावर दिसतात व माउसने काम होते. दुसरीत आज्ञा टंकावी लागते. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) पहिली रीत सार्वत्रिक आहे. २००१ नंतर तालुक्यांपर्यंत पोचलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमात बहुतेकांची संगणकाशी ओळख विंडोजच्या खिडक्यांतूनच झाली. आज्ञारूप साधनांचा परिचय मुख्यतः संगणकशास्त्र व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुरता राहिला.

आज्ञारूप रीत आधीची. बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स या संगणक-प्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीत सीपी (नक्कल), एमव्ही (हलवणे व नाव बदलणे), आरएम (पुसणे), एलएस (यादी पाहणे) या आज्ञा होत्या व त्या आजही चालतात. चित्ररूप रीतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो अमेरिकी संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांच्या १९६८ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक-प्रात्यक्षिकात पाहतात, तर काही झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. प्रात्यक्षिकात माउस होता. पण फाइल म्हणजे एक चित्र व ते उचलून फोल्डरमध्ये टाकायचे, ही मांडणी झेरॉक्स स्टार (१९८१) या संगणकाबरोबर बाजारात आली. फाइलींपुरते पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे ॲपलचा लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज ९५ यांनी ही रीत घरोघरी नेली.

निवड करताना वापरणारा नवखा की जाणता, हा निकष सहसा लावला जातो. तो अपुरा आहे. कोणत्या फाइली हव्यात हे शब्दांत सांगता येते का, हे आधी पाहावे. सेवा केंद्रातल्या संगणकावर स्कॅन केलेले सातबारे, दाखले व पासबुके एकाच फोल्डरात अनुक्रमांकाच्या नावांनी पडलेली असतात. तिथे लघुचित्रे पाहिल्याशिवाय कागद ओळखू येत नाही. याउलट ‘गेल्या महिन्यानंतर बदललेल्या सर्व पीडीएफ’ असा नियम करता आला, की आज्ञेची एक ओळ पुरते.

देवनागरी नावांमुळे मात्र हा हिशेब बदलतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ऱ्य दोन प्रकारे साठवला जातो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अक्षरे साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द पहिल्या प्रकारे ३३ बाइटांचा होतो, तर दुसऱ्या प्रकारे ३६ बाइटांचा. त्यामुळे एकाच फोल्डरात एकाच नावाच्या वाटणाऱ्या दोन फाइली नांदू शकतात. पूर्ण नाव टंकून दिलेली आज्ञा त्यांपैकी एकच उचलते आणि दुसरी मागे राहिल्याचे सांगतही नाही. खिडकीत दोन्ही नजरेस पडतात. आज्ञेत ‘शेतक*’ असे तारांकित नाव (* म्हणजे पुढे काहीही) देऊन वादग्रस्त अक्षराच्या अलीकडेच थांबणे हा यावर खात्रीचा उपाय होय.

नावांच्या लांबीचाही प्रश्न आहे. युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स प्रणालीत फाइली साठवण्याच्या ईएक्सटी४ या रचनेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा व अनुस्वारासह, तीन बाइट घेत असल्याने ८५ चिन्हांतच ती संपते. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत हीच चिन्हे २५५ बसतात. पत्राचा अख्खा विषय नाव म्हणून दिलेली फाइल विंडोजवर उघडते आणि लिनक्सवर नक्कल करताना अडते, ती यामुळे. ‘निंभोरा बुद्रुक’सारखे मध्ये जागा असलेले नाव आज्ञेत अवतरणचिन्हांत घालावे, नाहीतर त्या दोन वेगळ्या फाइली समजल्या जातात.

मोठ्या प्रमाणावर नक्कल काढताना आज्ञारूप साधनेच सरस ठरतात. मध्येच वीज गेली, की खिडकीतून चाललेली नक्कल कुठवर आली हे शोधत बसावे लागते. आरसिंक (१९९६) किंवा विंडोजमधील रोबोकॉपी हे नक्कल काढणारे आज्ञारूप साधन तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर पोचलेल्या फाइली सोडून उरलेल्याच घेते. बाडांच्या पानांची हजारो छायाचित्रे जपणाऱ्याने यांपैकी एक शिकून घ्यावेच. मात्र या साधनांतील आरसा-नकलेचा (मुळात नसलेल्या फाइली प्रतीतून पुसून दोन्ही हुबेहूब करण्याचा) पर्याय जपून वापरावा : मूळ व प्रत यांचा क्रम उलटा पडला तर मूळ फाइलीच पुसल्या जातात. आधी रंगीत तालीम घेण्याची, म्हणजे फाइलींना हात न लावता काय होईल ते पाहण्याची, सोय दोन्हींत आहे.

आरएम आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. पेनड्राइव्हवरची फाइल विंडोजच्या खिडकीतून पुसली तरी ती सहसा तिथे जात नाही, याकडे दुर्लक्ष होते.

दोन्ही रीतींच्या मधली, पडद्यावर शेजारी-शेजारी दोन याद्या दाखवणारी दोन पाट्यांची साधनेही आहेत : नॉर्टन कमांडर (१९८६) व लिनक्सवरील मिडनाइट कमांडर (१९९४).