विकासात्मक जीवविज्ञान आणि बालआरोग्य

फलित अंड्याच्या एकाच पेशीतून संपूर्ण शरीर कसे घडते, याचा अभ्यास करणाऱ्या जीवविज्ञानाच्या शाखेला विकासात्मक जीवविज्ञान म्हणतात. कोणता अवयव कोणत्या दिवसांत घडतो हे या अभ्यासातून कळते आणि त्यावरून आईची व बाळाची काळजी केव्हा घ्यायची हे ठरवता येते. बालआरोग्याला या शाखेचा झालेला हा सर्वांत मोठा उपयोग होय.

मराठवाड्यातील वाडीवस्तीवर खुडूक कोंबडीखालचे अंडे रात्री बॅटरीच्या उजेडासमोर धरले, तर चार-पाच दिवसांतच आत तांबड्या शिरांचे जाळे पसरलेले दिसते. पिल्लू 21व्या दिवशी बाहेर येत असले, तरी त्याचे हृदय दुसऱ्याच दिवशी धडधडू लागलेले असते. अशा सहज पाहता येणाऱ्या भ्रूणांवरच हे शास्त्र उभे राहिले. हान्स स्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी 1924 मध्ये न्यूट या उभयचराच्या भ्रूणातील एक लहान तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवला, तेव्हा तेथे मज्जारज्जूसह दुसरे शरीर घडू लागले. फळमाशीच्या भ्रूणाची घडण ठरवणाऱ्या जनुकांच्या शोधाला 1995 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील अनेक जनुकांची भावंडे माणसातही आहेत.

मेंदू व मज्जारज्जू ज्या चेतानलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. ती मिटायची राहिली तर बाळ पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मते, किंवा त्याच्या कवटीचा व मेंदूचा मोठा भाग घडतच नाही. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड हे ब गटातील जीवनसत्त्व घेतल्यास हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. येथे दिवसांचा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण 28वा दिवस येतो तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळदा आशाताईंकडे नावही लागलेले नसते. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. तिच्यातील बाईला दिवस गेले, तर हा सारा काळ परमुलखातील उसाच्या फडावरच निघून जातो. त्यामुळे फॉलिक ॲसिडची रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी टोळी गाव सोडण्यापूर्वीच तिच्या हाती पडली पाहिजे. नोंदणीनंतर दिलेली गोळी रक्तवाढीला उपयोगी पडते, पण मिटण्याची वेळ टळलेली नलिका तिने मिटत नाही.

ग्रहणात गरोदर बाईने विळी हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो, हा समज मराठवाड्यात अजूनही पाळला जातो आणि असे बाळ झाले की दोष आईच्या माथी येतो. वास्तविक वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे जुळून तयार होतो. ते जुळले नाहीत तर फट राहते. त्यामागे आनुवंशिकता, आईचे धूम्रपान, काही औषधे अशी कारणे असू शकतात. ग्रहणाचा किंवा विळीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ही फट शस्त्रक्रियेने चांगली जुळवता येते.

अकाली जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे उघडी राहण्यासाठी लागणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स यांना मेंढ्यांवरील प्रयोगांत स्टेरॉइडमुळे कोकरांची फुप्फुसे लवकर पक्व झालेली दिसली. पुढे 1972 मध्ये रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या मातेला आज डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, ती याच संशोधनामुळे.

शरीराची घडण जन्माबरोबर थांबत नाही. कायमच्या दातांचे कठीण आवरण साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असते. नांदेड जिल्ह्यातील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि त्या वयात ते पोटात गेले की दात पांढुरके व तपकिरी डाग घेऊनच उगवतात. नंतर पाणी बदलले तरी ते डाग जात नाहीत. म्हणून अशा गावांत शुद्ध पाण्याची पहिली सोय अंगणवाडीत करावी लागते.