डोक्यातलं संगीत, दुसऱ्याचे हात

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने टिपून घेतल्या, म्हणून खान्देशचं हे धन आपल्या हाती लागलं. ओवी एका गळ्यातून निघते, ती ऐकून उतरवता येते. पण ज्याच्या डोक्यात अख्खा ऑर्केस्ट्रा एकाच वेळी वाजतो आहे आणि हात हलत नाहीत, त्याने काय करावं?

इंग्रज संगीतकार फ्रेडरिक डेलियस (१८६२–१९३४) फ्रान्समधल्या एका खेड्यात राहत. उपदंशाने त्यांचे डोळे गेले, हातपाय लुळे पडले. बुद्धी आणि स्मरणशक्ती मात्र शाबूत होती. १९२८ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा २२ वर्षांचा संगीतकार एरिक फेनबी आपणहून पत्र लिहून मदतीला गेला.

सुरुवात फसली. डेलियस चाल म्हणून दाखवू लागले, पण त्यात सूरच नव्हता. पोरगा हादरला.

असं का झालं असावं? सूर मनात ऐकणं आणि गळ्यातून काढणं ही मेंदूची दोन निराळी कामं आहेत. १९९६ साली रॉबर्ट झटोरे आणि अँड्रिया हॅल्पर्न या संशोधकांनी पीईटी स्कॅनने (मेंदूचा कोणता भाग काम करतो आहे हे दाखवणाऱ्या तपासणीने) दाखवलं, की गाणं नुसतं मनात आणलं तरी मेंदूतल्या श्रवणाच्या भागात हालचाल होते, कानावर काहीही पडत नसताना. गाण्यासाठी मात्र श्वास आणि स्वरयंत्राच्या स्नायूंवर बारीक ताबा लागतो. मनातलं संगीत शाबूत असूनही गळा साथ देत नाही, हे म्हणूनच शक्य आहे.

मग दोघांनी गाणं सोडून बोलणं धरलं. कोणतं वाद्य, कोणता स्वर, किती मात्रा, सगळं तोंडी. यातली मेहनत डोळ्यांसमोर आणून पाहा. ऑर्केस्ट्रात सगळं एकदम वाजतं, बोलताना मात्र एकामागून एकच सांगता येतं. व्हायोलिनची ओळ सांगून होईपर्यंत बासरी, चेलो, हॉर्न डोक्यात धरून ठेवायचे. फेनबी लिहिलेलं पियानोवर वाजवून दाखवी, डेलियस दुरुस्त करत. मला यात फेनबीचं मोल लेखनिकापेक्षा फार मोठं वाटतं, कारण समोरच्याला काय ऐकू येत असेल हे त्याला ताडावं लागे.

‘अ साँग ऑफ समर’ या रचनेच्या वेळी डेलियसनी त्याला आधी चित्र सांगितलं: कड्यावर बसून समुद्राकडे बघतो आहेस, असं समज. तंतुवाद्यांचे लांबलेले स्वर म्हणजे आकाश, बासरी म्हणजे उडणारा सीगल पक्षी. फेनबी समुद्राकाठच्या स्कारबरोत वाढलेला, त्याला याहून जास्त सांगावं लागलं नसणार. १९३१ मध्ये लंडनला ऑर्केस्ट्राचे संचालक हेन्री वुड यांनी ती रचना पहिल्यांदा वाजवून घेतली.