जुन्या रायफलीवर लाल टिपका : निवडीमागचा इतिहास

विंचेस्टरची १८९४ सालची लीव्हर-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे चापाजवळचा दांडा खालीवर करून काडतूस भरायची रायफल, अमेरिकेत आजही हरणाच्या शिकारीला निघते. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या या रायफलीचे ७० लाखांहून अधिक नग तयार झाले. त्यातले कितीतरी आता आजोबांकडून नातवाकडे आले आहेत, आणि तो नातूही पन्नाशीला टेकला आहे. अशा रायफलीवर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल टिपका दाखवणारं नेमयंत्र, बसवावा का, आणि बसवायचा तर कोणता, ही चर्चा तिकडे जोरात चालते. दुकानात याचं उत्तर एखाद्या मॉडेलच्या नावाने मिळतं. पण ही वस्तू कुठून आली आणि ती रायफल कशासाठी घडली होती, हे पाहिलं की उत्तर थोडं वेगळं निघतं. टिपका कोणता, याच्या आधी तो नळीपासून किती उंचीवर बसणार, हे ठरवावं लागतं.

मूळ अडचण डोळ्याची आहे. साध्या रायफलीवर नेम धरायचा म्हणजे मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि जनावर या तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर, आणि डोळ्याला एका वेळी एकच अंतर लख्ख दिसतं. विशीतला डोळा या तिघांत इतक्या चपळाईने फिरतो की काही जाणवतच नाही. चाळिशी लागली की आधी खाच धूसर होते, मग माशी. माशीवर लक्ष ठेवावं तर झाडीतलं हरीण झाडीतच मिसळून जातं.

यावरचा तोडगा बंदुका बनवणाऱ्याने काढला नाही, दुर्बिणी बनवणाऱ्याने काढला. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबने १९०० साली एका नव्या नेमयंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना अशी : उजळलेली खूण वक्र काचेच्या बरोबर नाभीवर, म्हणजे किरण एकवटतात त्या बिंदूवर, ठेवायची. मग तिचे किरण समांतर होऊन डोळ्यात येतात आणि खूण खूप दूर, लक्ष्याच्याच अंतरावर तरंगताना दिसते. डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी ती लक्ष्यावरून हलत नाही. डोळ्याला आता एकाच अंतरावर पाहायचं असतं. आजच्या प्रत्येक रेड डॉटच्या पोटात हेच तत्त्व आहे. चित्रपटांमुळे एक गैरसमज पसरला आहे, तोही इथेच दूर करावा. हा लेझर नव्हे. जनावरावर कोणताही प्रकाश पडत नाही. टिपका फक्त नेम धरणाऱ्याला दिसतो.

या ग्रब घराण्याशी पुण्याचंही नातं आहे. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत २० इंची परावर्तक दुर्बीण होती, ती डब्लिनच्या ग्रबकडूनच आलेली. नेगमवाला १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ताऱ्यांसाठी आरसे घासणाऱ्या कारखान्यातच बंदुकीच्या नेमाची ही कल्पना निघावी, यात नवल नाही. नाभी, समांतर किरण, अनंत अंतर हा सगळा त्या लोकांचा रोजचा धंदा होता.

शिकाऱ्यापर्यंत ही कल्पना पोचायला मात्र पाऊणशे वर्षं लागली. कारण साधं होतं : खूण उजळायची कशाने? पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बर्लिनच्या ओइगी कंपनीची अशी यंत्रं जर्मन लढाऊ विमानांवर दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धात तर ती जवळपास सगळ्याच लढाऊ विमानांत होती. विमानात दिव्यासाठी वीज असते. खांद्यावरच्या बंदुकीत ती कुठून आणणार? १९४५ च्या सुमारास अमेरिकेत छऱ्याच्या बंदुकीसाठी (शॉटगनसाठी) नायडार नावाचं यंत्र निघालं. ते आभाळाच्या उजेडावर चालायचं, म्हणजे शिकार जेव्हा हमखास दिसते त्या पहाटे आणि तिन्हीसांजेलाच ते मंद पडायचं. पुढे बॅटरी आणि दिवा वापरूनही प्रयत्न झाले, पण दिवा बॅटरी खाऊन टाकायचा.

मधला एक टप्पा विचित्र पण हुशारीचा होता. ब्रिटिश बनावटीच्या सिंगलपॉइंटच्या नळीतून आरपार काही दिसतच नसे. एका डोळ्याला काळ्या पार्श्वभूमीवर लाल ठिपका दिसे, दुसऱ्याला उघडं मैदान, आणि दोन्हींचं चित्र एक करायचं काम मेंदूवर सोपवलेलं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी अमेरिकी पथकाने हनोईजवळच्या सोन ताय इथल्या युद्धकैदी छावणीवर रात्री धाड घातली, तेव्हा त्यांच्या रायफलींवर बाजारातून विकत आणलेली ही यंत्रं होती. छावणी रिकामी निघाली, कैदी आधीच हलवलेले होते. पण अंधारात नेम धरण्याचा प्रश्न सुटू शकतो, हे लष्कराच्या लक्षात आलं. दोष एवढाच, की दोन डोळ्यांची चित्रं मेंदू नेहमी अचूक जुळवत नाही. थोडा डोळा वळला की गोळीही वळते.

खरी कोंडी फोडली ती एलईडीने. दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये बनवला. दिव्याच्या मानाने त्याला वीज नगण्य लागते. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने एलईडी आणि वक्र परावर्तक काच एका नळीत बसवून यंत्र बाजारात आणलं. काचेवरचा लेप लाल प्रकाश तेवढा परत फिरवतो आणि बाकीचा आरपार जाऊ देतो. म्हणून त्यातून पाहिलं की रान किंचित निळसर दिसतं.

हे स्वीडनमध्येच का घडलं, याचं उत्तर तिथल्या रानात आहे. मूस हे हरणांच्या कुळातलं सर्वांत मोठं जनावर, आणि शरदातली त्याची शिकार हा स्वीडनमध्ये गावोगावचा सामुदायिक उद्योग. १९८२ साली तिथे सुमारे १ लाख ७४ हजार मूस मारले गेले, तो त्या शिकारीचा उच्चांक. कुत्रे जनावर उठवतात, शिकारी आपापल्या नाक्यावर उभे असतात. झाडीतून मूस बाहेर पडतो, मोकळ्या पट्ट्यातून जातो आणि काही क्षणांत पुन्हा झाडीत शिरतो. अंतर पन्नास, ऐंशी, फार तर शंभर मीटर. तिथे दुर्बिणीतून जनावर मोठं दिसून काही साधत नाही, उलट त्या छोट्या वर्तुळात ते सापडेपर्यंत निघून जातं. दोन्ही डोळे उघडे ठेवून, जनावराबरोबर नळी फिरवत, वेळेवर चाप ओढावा लागतो. या कौशल्याचा त्या देशाला जुना अभिमान आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पळत्या हरणाच्या लक्ष्यावर ऑस्कर स्वान यांनी सुवर्णपदक मिळवलं, आणि १९२० मध्ये अँटवर्पला ७२ व्या वर्षी सांघिक रौप्य. सर्वांत वयस्कर ऑलिंपिक पदकविजेते म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. सैन्याने रेड डॉट उचलला तो बराच नंतर. अमेरिकी लष्कराचं मोठं कंत्राट १९९७ चं. त्यामुळे ही सैनिकी वस्तू शिकाऱ्याच्या रायफलीवर विजोड दिसते, असं कुणी म्हणालं तर इतिहास त्याच्या बाजूने नाही. हातात मावणारा, बॅटरीवरचा टिपका आधी शिकाऱ्यांसाठीच विकायला आला.

आता दुसरी बाजू, रायफलीची. जुन्या शिकारी रायफलीचा दस्ता खाली झुकलेला असतो, कारण नेम नळीच्या अगदी लगत असे. गाल टेकला की डोळा आपोआप खाच आणि माशीच्या रेषेत यायचा. १९३० मध्ये बिल वीव्हर यांनी १९ डॉलरला तीनपट मोठं दाखवणारी दुर्बीण विकायला काढली आणि सामान्य अमेरिकन शिकाऱ्याला ती परवडू लागली. पण दुर्बीण नळीच्या बरीच वर बसते. गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि हनुवटीने नेम धरायची वेळ येते. पुढच्या काळात दस्ते सरळ आणि उंच झाले ते यामुळेच.

विंचेस्टर १८९४ ची अडचण आणखी मोठी होती. तिची रिकामी काडतुसं सरळ वर उडतात. वर दुर्बीण बसवली तर काडतूस तिच्यावरच आदळणार. म्हणून लोक ती बाजूला कलती बसवत. मार्लिनची ३३६ ही १९४८ ची रायफल काडतूस बाजूने फेकते आणि तिची पाठ सपाट, बंद आहे. दुर्बिणीच्या जमान्यात तिची चलती झाली त्याचं हे एक मोठं कारण. विंचेस्टरने काडतूस तिरपं फेकणारी रचना आणली ती थेट १९८० च्या दशकात. आणि गंमत अशी, की या रायफलींना मोठ्या दुर्बिणीची गरजही बेताचीच. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक राहतात, गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला लागून स्फोट होऊ नये म्हणून ते चपटं ठेवतात. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते. थर्टी-थर्टी या त्यांच्या नेहमीच्या काडतुसाची शिकार दीडशे मीटरच्या आतच बरी.

या दोन धारा एकत्र येतात २००७ मध्ये, जेव्हा एमपॉइंटने मायक्रो नावाचा छोटा रेड डॉट काढला. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, बॅटरी ५०,००० तास, म्हणजे पाच वर्षांहून जास्त. बंद करायचं विसरलं तरी बिघडत नाही. सव्वातीन किलोच्या रायफलीचा तोल त्याने हलत नाही, हातात धरून चालायची जागा अडत नाही. माझ्या मते जुन्या रायफलीवर शोभणारं आणि चालणारं पहिलं इलेक्ट्रॉनिक नेमयंत्र हेच. त्यानंतर इतर कंपन्यांनीही त्या आकाराची यंत्रं आणली.

निवडीचे मुद्दे या इतिहासातूनच निघतात. पहिला उंचीचा. आजचे बरेच माउंट, म्हणजे यंत्र रायफलीवर धरून ठेवणाऱ्या बैठका, सैनिकी रायफलींसाठी उंच केलेले असतात, कारण त्यांचा दस्ता सरळ रेषेत असतो. तेच झुकत्या दस्त्यावर बसवले की दुर्बिणीची जुनी रड पुन्हा सुरू. सर्वांत ठेंगणा माउंट घ्यावा. जुन्या विंचेस्टरवर टिपका नळीवर पुढे, मागच्या खाचेच्या जागी बसवता येतो. रेड डॉटला डोळ्यापासून ठरावीक अंतर लागत नाही, त्यामुळे पुढे बसवून काही बिघडत नाही, जोरदार धक्क्याने भुवई फुटायची भीतीही नाही. शिवाय १९६४ पूर्वीच्या विंचेस्टरला नवीन भोकं पाडली की संग्राहकांच्या लेखी तिची किंमत उतरते. मागच्या खाचेची जुनी जागाच वापरली तर तो प्रश्न येत नाही.

दुसरा टिपक्याच्या आकाराचा. तो कोनाच्या मिनिटांत, एमओएत मोजतात. शंभर मीटरवर एक एमओए म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. दोनचा टिपका तिथे जेमतेम सहा सेंटिमीटर झाकतो, चारचा जवळपास बारा. पळत्या डुकरासाठी चारचा पटकन सापडतो. उभ्या हरणासाठी मी दोनचाच म्हणेन, तेजही कमी ठेवून. एलईडी उघड्यावर असलेलं यंत्र घ्यावं की बंद नळीतलं, हा वाद पावसाने आणि बर्फाने केव्हाच मिटवला आहे. उघड्या यंत्रात एलईडीवर थेंब बसला की टिपका गेला. लेझरने होलोग्रामची खूण दाखवणारी होलोग्राफिक यंत्रं १९९६ पासून मिळतात आणि चांगली असतात, पण त्यांच्यात लेझर असल्याने बॅटरी तुलनेने लवकर संपते आणि ती अंगानेही जाड असतात. जुन्या रायफलीवर त्यांचं काम नाही.

ज्यांना दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) आहे त्यांना टिपका गोल दिसत नाही, चांदणीसारखा फाटतो. दोष यंत्राचा की डोळ्याचा, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की कळतं : फोटोत गोल असेल तर चष्म्याचा नंबर तपासावा. अशांना काचेवर कोरलेली खूण असलेलं प्रिझमचं नेमयंत्र जास्त मानवतं, मात्र त्याला डोळ्याचं अंतर सांभाळावं लागतं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, त्यामुळे हा विषय मराठी वाचकांपैकी परदेशात परवाना काढून रानात जाणाऱ्यांचाच. आपल्याकडच्या नेमबाजीशीही त्याचा संबंध नाही : कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, त्या प्रकारात रायफलीवर दुर्बीणही चालत नाही आणि टिपकाही. शिकारीतही सगळीकडे मुभा नाही. कोलोरॅडोत ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो, आणि त्यात दुर्बिणी व बॅटरीवरची नेमयंत्रं मना आहेत, खाच आणि माशी तेवढी चालते. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात, म्हणून आजोबांच्या बंदुकीवर टिपका चढवण्याआधी त्या राज्याची त्या हंगामाची नियमपुस्तिका चाळून घ्यावी.