लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग : वेळ कुठे जातो आणि घरच्या जुन्या कॅसेटचं काय करायचं

"आता सगळं कॉम्प्युटरवरच होतंय, मग महिना कशाला लागतो?" बेळगावातली मंडळी असोत की खानापूर-निपाणीहून आलेली, आमच्या दुकानाच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे. तुम्ही पैसे देता, तेव्हा आतल्या खोलीत काय चालतं ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून हे पत्रक.

आधी कॅसेटच्या काळाबद्दल. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर मास्टर म्हणजे तयार होणारी अंतिम कॅसेट, मध्ये मिक्सर. हवा तो शॉट शोधायचा, दोन्ही मशिनी थोड्या मागे घ्यायच्या, एकदम चालू करायच्या आणि नेमक्या क्षणी रेकॉर्डिंग धरायचं. म्हणजे तेव्हाचं एडिटिंग हे क्रमाने केलेलं कॉपीचं काम होतं. तीन तासांची मास्टर तयार झाली आणि घरच्यांनी सांगितलं की हळदीत आत्याबाई राहिल्या, तर विसाव्या मिनिटाला त्यांचा शॉट सरकवून बसवायला जागाच नसायची. तिथून पुढचं सगळं पुन्हा करा, नाहीतर मास्टरची कॉपी काढत मधे शॉट घाला. पण व्हीएचएसची प्रत्येक कॉपी आधीपेक्षा फिकी. कॉपीची कॉपी होईपर्यंत शालूचा लाल रंग कडेने पसरायचा आणि चेहरे धूसर व्हायचे. म्हणून तेव्हाचे एडिटर "आता बदल होणार नाही" म्हणायचे. तो हट्ट नव्हता, टेपचा स्वभावच तसा होता.

त्याच्याही आधी तर कापणं म्हणजे खरोखर कापणं होतं. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. संकलक पट्टी डोळ्यांनी बघून कापायचे आणि चिकटपट्टीने जोडायचे. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीचा व्हिडिओ टेप रेकॉर्डर आला, तेव्हा सुरुवातीला टेपही ब्लेडनेच कापत. टेपवर चित्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोहाचे बारीक कण असलेलं द्रव लावून आधी चुंबकीय रेषा उमटवायच्या आणि बरोबर त्या रेषेवर ब्लेड ठेवायचं.

कॉम्प्युटरने हे बंधन सोडवलं. १९७१ चं सीएमएक्स ६०० हे यंत्र चित्र डिस्कवर ठेवायचं, म्हणून कुठल्याही शॉटवर थेट जाता यायचं. पण चित्र काळं-पांढरं आणि तेही जेमतेम अर्धा तास. पुढे कॉम्प्युटरवर एडिटिंग करायचं अ‍ॅविड १९८९ मध्ये बाजारात आलं, १९९१ मध्ये तसंच प्रीमियर नावाचं सॉफ्टवेअर. 'द इंग्लिश पेशंट'साठी वॉल्टर मर्च यांना १९९७ मध्ये संकलनाचं ऑस्कर मिळालं, ते कॉम्प्युटरवर एडिट केलेल्या चित्रपटाला मिळालेलं त्या विभागातलं पहिलं. आमच्यासारख्या छोट्या दुकानांना हे परवडू लागलं ते मिनी-डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटचे, कॅमेरे आल्यावर. त्याचं एक तासाचं फुटेज १३ जीबी. ४० जीबीच्या हार्ड डिस्कमध्ये तीन तास बसले की डिस्क भरली.

आता आत्याबाईंचा शॉट हवा तिथे दोन मिनिटांत बसतो. मूळ फुटेजला धक्का लागत नाही, कारण आम्ही ते कापतच नाही; कुठून कुठपर्यंत दाखवायचं, एवढीच नोंद कॉम्प्युटर ठेवतो. मग वेळ कुठे जातो? बघण्यात. तीन कॅमेऱ्यांवर पाच-पाच तास म्हणजे पंधरा तासांचं चित्रीकरण. शेवटच्या मंगलाष्टकेला आईचे डोळे भरून आले तो क्षण कुठल्या कॅमेऱ्यात आहे, हे माणसालाच शोधावं लागतं. आणि कॅसेट महाग होती तेव्हा कॅमेरामन मोजून शूट करायचा. कार्ड आल्यापासून कॅमेरा बंदच होत नाही. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने केलं तर तासाला ४५ जीबी होतात, म्हणजे एका लग्नाचे पावणेसातशे जीबी. त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही. लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

नावांबद्दल एक विनंती. आपल्या भागात एका मांडवात मराठी आणि कन्नड दोन्ही घरं असतात, म्हणून टायटल दोन्ही लिप्यांत करून देतो. पूर्वी पेंटरकडून नावं लिहून घेऊन तो फलक कॅमेऱ्याने शूट करायचो. नंतर कॉम्प्युटर आला, तर त्यातल्या काही सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची. ती अडचण आता गेली आहे, पण व्याह्यांच्या आडनावाचं स्पेलिंग आम्ही अंदाजाने लिहिणार नाही. दोन्हीकडच्या एकेका माणसाने यादी स्वतः लिहून द्यावी. नातेवाइकांनी मोबाइलवर घेतलेल्या क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारख्या पाठवू नका, चित्राचा दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर आणा.

घरात जुनी व्हीएचएस असेल, तर ती जपण्याचं काम आम्हाला सगळ्यात जवळचं वाटतं. त्यात गेलेली माणसं चालता-बोलताना दिसतात. नवे व्हीसीआर आता बनत नाहीत. शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तीन तासच लागतात, तिथे कुठलाही शॉर्टकट नाही. चित्र स्थिर करतो, रंग सुधारतो, आवाजातली खरखर कमी करतो. एआयने चेहरे चकचकीत करून द्या, अशी मागणी येते. ते आम्ही मूळ प्रतीवर करत नाही. टेपवर जे नाही ते एआय मनाने भरतं, आणि मग आजीचा चेहरा आजीचा राहत नाही. हवं असल्यास तशी प्रत वेगळी देऊ.

कॅसेट उभी ठेवा, भिंतीच्या ओलीपासून लांब. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात कपाटातल्या टेपलाही बुरशी धरते. काचेतून रिळावर पांढरी पावडर दिसली, तर घरच्या व्हीसीआरमध्ये लावून बघू नका; बुरशी व्हीसीआरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि टेप तुटू शकते. पुसायलाही जाऊ नका, जशी आहे तशी घेऊन या.