आधी पाणी, मग नळ

बाथरूम नव्यानं करायचं ठरलं की बहुतेक घरांतली पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात होते. त्याआधी घरच्या पाण्याची एक बाटली तपासणीला द्यावी. कोल्हापुरात एकाच गल्लीत दोन तऱ्हेचं पाणी असू शकतं. काळम्मावाडीच्या धरणातून किंवा पंचगंगेतून येणारं पाणी मुख्यतः पावसाचं, म्हणून तुलनेनं मऊ. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून मुरत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलतं. हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असतात. पाणी तापलं किंवा नळावर थेंब सुकला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर मागं उरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणा, म्हणजे याच क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरला आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. रिपोर्टमधला आकडा २०० च्या बराच वर असेल, तर पुढची निवड त्याच्याकडं बघूनच करावी.

अशा पाण्याला काळे मॅट नळ घेऊ नयेत. प्रत्येक थेंबाचा पांढरा ठिपका त्यावर उठून दिसतो, आणि घासावं तर फिनिश जातं. ब्रश केलेल्या निकेलवर डाग सर्वांत कमी दिसतात. साधा क्रोमही चांगला, फक्त रोज फडक्यानं पुसावा लागतो. शॉवर सिलिकॉनच्या मऊ बोंडांचा घ्यावा, म्हणजे अंगठा फिरवला की साचलेला क्षार तुटून पडतो. नळाच्या तोंडाची जाळी हातानं फिरवून निघते का, हे दुकानातच करून बघावं.

क्रोमचा नळ म्हणजे आत पितळ, त्यावर काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा निकेलचा थर आणि सर्वांत वर क्रोमियम, तेही बहुधा अर्ध्या मायक्रॉनपेक्षा पातळ. संडास-बाथरूम धुवायला बाटलीतून मिळणारं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि क्रोमियम त्यात विरघळतं. थेट शिंतोडा उडायचीही गरज नाही. बंद खोलीत कोंडलेली वाफ पुरते. नव्या नळांचा सर्वांत मोठा घात इथंच होतो. प्लंबर नळ बसवून जातो आणि नंतर फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड ओतलं जातं. वापर सुरू होण्याआधीच नळ काळवंडतात, जवळच्या स्टीलच्या सिंकवर तांबेरा येतो, टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही खाल्लं जातं. म्हणून धुणं आधी, भरपूर पाणी मारून खोली वाळू द्यायची, आणि नळ सगळ्यांत शेवटी. पुढं क्षार साचला तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापड भिजवावं, १० मिनिटं गुंडाळून ठेवावं, मग स्वच्छ धुवावं.

आता दाब. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर हाती ०.३ बार. टाकी मोठी घेऊन यात काही फरक पडत नाही, उंचीच वाढवावी लागते. छताला लावायच्या रुंद शॉवरच्या खोक्यावर किमान दाब छापलेला असतो. तो जुळत नसेल तर लहान शॉवर घ्यावा किंवा प्रेशर पंप बसवावा. पंप बसवताना गार आणि गरम दोन्ही लाइन त्यावर घ्याव्यात. एकटी गार लाइन पंपावर घेतली तर गार-गरम एकत्र करणाऱ्या मिक्सर नळात गार पाणी गरम पाण्याला मागं रेटतं, आणि गीझर चालू असूनही अंगावर गारच पडतं.

पाणी शॉवरकडं किंवा नळाकडं वळवणारा भिंतीतला डायव्हर्टर किती खोल बसवायचा, याच्या किमान आणि कमाल खुणा त्याच्यावरच असतात. ते माप प्लास्टर आणि टाइल धरून तयार होणाऱ्या भिंतीपासूनचं असतं, उघड्या विटेपासूनचं नव्हे. जास्त खोल गेला तर मूठ बसत नाही आणि नवी टाइल फोडावी लागते. कमोडचंही तसंच. एस-ट्रॅप, म्हणजे खाली जमिनीत निचरा होणारा कमोड असेल तर टाइल लावलेल्या भिंतीपासून ड्रेनेजच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजूनच दुकानात जावं.

विट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यांहून कमी पाणी शोषते, म्हणून कालवलेलं सिमेंट तिला नीट धरत नाही आणि टाइल पुढं पोकळ वाजते. तिला पॉलिमरचं ॲडेसिव्हच लावावं. जमिनीला मॅट टाइल, आणि ढाळ मीटरला १० ते १२ मिलिमीटर.

स्वयंपाकघरातल्या ओट्याला ग्रॅनाइट घ्यावा. संगमरवर आणि कडप्पा दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्यामुळं लिंबू, चिंच, कोकम किंवा सांडलेलं ताक त्यांची चकाकी खातं. तांबड्या रश्श्याच्या तर्रीतला मिरचीचा रंग तेलात विरघळलेला असतो. तो तेलासह सिमेंटच्या सांध्यांत मुरतो आणि पाण्यानं निघत नाही. हळदीचा डाग तर साबणासारख्या अल्कलीनं आणखी लालसर होतो. ओट्यामागच्या टाइल्सच्या सांध्यांत म्हणून सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरून घ्यावं. महाग पडतं, पण तेल शोषत नाही. मात्र ते घट्ट व्हायच्या आत टाइलवरचा चिकट थर ओल्या स्पंजनं पुसून घेणारा कारागीर हवा. एकदा वाळलं की तो थर खरवडूनच काढावा लागतो.