गोल्फ क्लबांतील युवा नेतृत्व

गोल्फ क्लबाच्या कारभारातील एखादी ठरावीक जबाबदारी आणि तिच्यासोबतचा निर्णयाचा अधिकार साधारण १४ ते ३० वयोगटातील खेळाडूंनी सांभाळणे, म्हणजे गोल्फ क्लबांतील युवा नेतृत्व. ज्युनियर कॅप्टन, ज्युनियर विभागाचा सचिव, स्पर्धा समितीतील तरुण सदस्य, नवशिक्यांचा मार्गदर्शक ही त्याची नेहमीची रूपे. बक्षीस समारंभात पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला एखाद्या मुलीला पुढे केले जाते, त्याची गणना येथे होत नाही. शनिवारी पहिल्या टीवरून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागेवरून, कोणता गट किती वाजता सुटेल हे ती मुलगी ठरवते आणि वेळापत्रक कोलमडले तर जाबही तिलाच विचारला जातो, तेव्हा तिच्या हाती खरे पद आलेले असते.

कॅप्टनपदाची प्रथा ब्रिटिश क्लबांतून आली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १७५४ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबात नवा कॅप्टन दर वर्षी पहिल्या टीवरून एक फटका मारून पदभार घेतो. त्या वेळी तोफ उडते, चेंडू मिळवण्यासाठी कॅडींची (खेळाडूंची काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसांची) झुंबड उडते आणि चेंडू आणून देणाऱ्याला कॅप्टन सोन्याचे नाणे देतो. ब्रिटनमधील अनेक क्लबांनी पुढे याच धर्तीवर ज्युनियर कॅप्टनचे पद निर्माण केले. मुदत बहुधा एका वर्षाची. शेजारच्या क्लबांशी सामने ठरवणे, संघ निवडणे, वार्षिक भोजनात भाषण करणे आणि वर्षभरात एखाद्या सामाजिक कामासाठी निधी उभारणे ही त्याची कामे. अमेरिकेतील ज्युनियर गोल्फ संघटनेच्या ‘लीडरशिप लिंक्स’ उपक्रमातही किशोरवयीन खेळाडूंना निधी उभारणीचे शिक्षण दिले जाते.

भारतात गोल्फ फार लवकर पोहोचला. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा (१८२९). मुंबईचा क्लब १८४२ चा. तेथून हा खेळ छावण्या आणि सिव्हिल लाइन्स यांच्या वाटेने देशभर गेला. येथे उदाहरण म्हणून घेतलेल्या नागपूरला या दोन्ही गोष्टी होत्या. कामठीची छावणी १८२१ ची, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी झाल्यावर सिव्हिल लाइन्समध्ये अधिकाऱ्यांची वस्ती आणि तिच्याबरोबर क्लबजीवन वाढले. भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही नागपुरात आहे. गोल्फ अशा वाटेने येतो तेव्हा शिस्त, हिरवळ आणि वक्तशीरपणा हा वारसा मिळतो. त्याबरोबर कारभार ज्येष्ठांकडेच राहण्याची सवयही येते. निवृत्त अधिकारी, वकील, डॉक्टर आणि उद्योजक यांनी क्लब जपले, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही ज्या समितीत सगळ्यांत तरुण सदस्य पन्नाशीचा असतो, त्या समितीला बारावीच्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो याचा अंदाज क्वचितच येतो.

नागपुरात हा अंदाज फार मोलाचा आहे, कारण येथे ऋतू आणि शाळा यांची वेळापत्रके एकमेकांच्या आड येतात. खेळायला उत्तम हवा ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सकाळचा गारवा, कोरडी जमीन, नऊ-दहा वाजेपर्यंत सुसह्य ऊन. नेमक्या याच काळात सहामाही, पूर्वपरीक्षा, जानेवारीतली जेईई मेन आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षा येतात. मुले मोकळी होतात ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. जूनपासून पाऊस. विदर्भातली काळी माती पाणी धरून ठेवते आणि पावसानंतर बुटांना गोळेच्या गोळे चिकटतात. निचऱ्याची चांगली सोय नसलेले मैदान कितीतरी दिवस खेळण्याजोगे राहत नाही. ज्युनियर स्पर्धा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठेवून ‘मुले येतच नाहीत’ असे म्हणणे सोपे असते. शिकवणीच्या वेळा पाठ असलेली सतरा वर्षांची मुलगी तीच स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीत घेईल, उन्हाळी शिबिर पहाटे साडेपाचला सुरू करून आठच्या आत संपवेल आणि १८ होलऐवजी (चेंडू घालायच्या खळ्यांऐवजी) ९ होलचा डाव ठेवेल. अशा निर्णयांत तरुण माणसाची माहिती ज्येष्ठांच्या अनुभवापेक्षा सरस ठरते.

खेळाची रचनाही तरुणांवर जबाबदारी टाकायला अनुकूल आहे. गोल्फमध्ये बहुतेक फेऱ्यांत पंच सोबत नसतो. नियम लावून स्वतःला दंड करणे हे खेळाडूचेच काम असते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या स्कोअरकार्डावर मार्कर (फटक्यांची नोंद ठेवणारा) म्हणून सही करण्याची वेळ शाळकरी मुलांवरही येते. नियमावलीत ‘समिती’ म्हणजे स्पर्धेची किंवा मैदानाची सूत्रे हाती असलेली व्यक्ती वा गट. तिच्या सदस्यासाठी वयाची अट घातलेली नाही. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी चेंडू शोधण्याचा वेळ पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणला, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून टाकण्याची पद्धत आणली आणि जो तयार असेल त्याने आधी खेळावे याला प्रोत्साहन दिले. २०२० मध्ये सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप (कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सूट) पद्धतीत कमाल हँडिकॅप ५४ झाला, म्हणजे अगदी नवख्यालाही रीतसर हँडिकॅप घेऊन खेळता येऊ लागले. जुन्या नियमांवर हात बसलेल्या सभासदांना हे बदल समजावून सांगणे, हँडिकॅपची नोंद मोबाइलवर कशी करायची ते दाखवणे, स्टार्टर (गट सोडणारा) किंवा मार्शल (मैदानावर देखरेख करणारा) म्हणून उभे राहून खेळाची गती राखणे, या कामांतून तरुणांचा कारभारात प्रवेश होतो. त्यातले मार्शलचे काम सगळ्यांत अवघड. वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘काका, मागचा गट थांबला आहे, पुढे चला’ असे नम्रपणे आणि तरीही ठामपणे सांगता आले, तर त्या मुलाला समितीत बसवायला हरकत नसावी.

अडथळे मुख्यतः सभासदत्वाच्या रचनेत आहेत. भारतीय क्लबांत मुले बहुधा पालकांच्या सभासदत्वावर आश्रित म्हणून खेळतात. उपविधींनी (क्लबाच्या अंतर्गत नियमांनी) ठरवलेले वय उलटले की हा हक्क संपतो, आणि पूर्ण सभासद व्हायचे तर प्रवेश शुल्क मोठे, प्रतीक्षायादी लांब. म्हणजे खेळाडू कारभारासाठी पुरेसा जाणता होतो त्याच सुमारास तो क्लबाबाहेर पडतो. नागपुरात यात आणखी एक भर पडते. इंजिनिअरिंग किंवा अन्य पदवी झाली की अनेक मुले नोकरीसाठी पुणे, बंगळूर, हैदराबाद गाठतात. त्यामुळे येथे युवा पदाची योजना आखताना सोळा ते एकवीस हीच उपयोगी वर्षे धरावी लागतात. एका वर्षाची मुदत, सोबत एक उपकॅप्टन, आणि जूनमध्ये शैक्षणिक वर्षाबरोबर पदाची अदलाबदल, ही रचना नागपूरला सोयीची. कॅप्टन शहर सोडून गेला तरी उपकॅप्टनला सगळे ठाऊक असते आणि काम अडत नाही. नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्यांसाठी कमी शुल्काचे, शहराबाहेरील सभासदत्व ठेवले, तर वर्षांनी परतणारा माणूस क्लबाला परका राहत नाही.

कायद्याची बाजू साधी आहे, पण ती आधी पाहून ठेवावी लागते. १८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती अज्ञान ठरते आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तिला करार करता येत नाही. त्यामुळे बँक खात्यावरची सही किंवा कंत्राट ज्युनियर कॅप्टनकडे देता येत नाही. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर कार्यकारिणीतल्या प्रत्येक बदलासाठी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज करावा लागतो. उपसमितीला तशी गरज नसते. म्हणून शहाणे क्लब ज्युनियर उपसमिती नेमतात, तिला ठरावीक रक्कम खर्चासाठी मंजूर करतात आणि तिच्या अध्यक्षाला कार्यकारिणीच्या बैठकीत बोलण्याचा हक्क देतात. रक्कम लहान असली तरी चालते. खर्चाचा हिशेब मात्र त्या मुलांनीच सर्वसाधारण सभेपुढे मांडावा.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत तडजोड चालत नाही. पहाटेची शिबिरे, बाहेरगावचे सामने आणि प्रौढांबरोबरचा सततचा वावर यांमुळे जबाबदार प्रौढ व्यक्ती नेमलेली असावी लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे गुन्ह्याची माहिती मिळालेल्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि क्लबाची प्रतिष्ठा हे न कळवण्याचे कारण होऊ शकत नाही.

राष्ट्रीय पातळीवर वारे बदलत आहे. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेने राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना ७० वर्षांची वयोमर्यादा घातली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला असाव्यात अशी तरतूद केली. या तरतुदी स्थानिक क्लबांना थेट लागू होत नाहीत, पण खेळणाऱ्यांनी कारभारात असावे हे तत्त्व त्यांतून मान्य झाले आहे. खेळाडूंच्या बाजूने पाहिले तर वयाची शंका केव्हाच मिटली आहे. बंगळूरची अदिती अशोक २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १८ व्या वर्षी खेळली आणि टोकियोत चौथी आली. गोल्फबाहेर, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये १९ व्या वर्षी बुद्धिबळातील महिला विश्वचषक जिंकला. पटावर किंवा ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) दडपणाखाली निर्णय घेणाऱ्या या वयाला क्लबाच्या बैठकीत गप्प बसवण्याचे सबळ कारण सापडत नाही.

‘युवा’ या वर्गात कोणाला धरायचे, यावर या प्रथेचा खरा कस लागतो. मैदानाची सगळ्यांत बारीक माहिती अनेकदा सभासदांच्या मुलांपेक्षा तरुण कॅडींना आणि माळीकाम करणाऱ्यांच्या मुलांना असते. कोणत्या ग्रीनवर पाणी साचते, कोणत्या बंकरमधली (वाळूच्या खड्ड्यातली) वाळू घट्ट झाली आहे, वारा कुठून येतो, हे त्यांना तोंडपाठ. भारतीय गोल्फने या घरांतून मोठे खेळाडू मिळवले आहेत. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. कोलकात्याच्या क्लबातील ग्रीनकीपरचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया याने तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी सलग दोनदा जिंकली. खेळाडू म्हणून त्यांचा गौरव झाला. कारभारात मात्र या वर्गाला जागा क्वचितच मिळाली. अनेक क्लबांत सोमवारी मैदान देखभालीसाठी बंद असते आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देण्याची प्रथा आहे. सोमवारच्या स्पर्धेचे नियोजन तरुण कॅडींच्या निवडलेल्या प्रतिनिधीकडे देणे, त्यांना रीतसर हँडिकॅप देणे आणि त्या प्रतिनिधीला ज्युनियर उपसमितीत सभासदांच्या मुलांइतकेच एक मत देणे, एवढे कोणताही क्लब उपविधी न बदलता करू शकतो. अट एकच : १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्या वयाचे मूल मैदानावर असेल तर ते शिकणारे म्हणूनच असले पाहिजे.