अपवर्ड बाऊंड

अपवर्ड बाऊंड : कमी उत्पन्नाच्या घरांतील आणि आईवडिलांपैकी कोणीही पदवीधर नसलेल्या माध्यमिक विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी तयार करणारी अमेरिकेच्या संघराज्य शासनाची योजना. अनुदान शासनाचे असते. प्रत्यक्ष काम मुख्यतः विद्यापीठे व महाविद्यालये करतात.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध उघडलेल्या मोहिमेत १९६४ साली आर्थिक संधी कायदा झाला. त्याच्या आधारे १९६५ च्या उन्हाळ्यात योजनेचे पहिले प्रायोगिक वर्ग भरले. त्याच वर्षीच्या उच्च शिक्षण कायद्यातून ‘टॅलेंट सर्च’ ही योजना आली आणि १९६८ मध्ये महाविद्यालयात पोहोचलेल्या वंचित विद्यार्थ्यांसाठी तिसरी. या तिघींमुळे पडलेले ‘ट्रिओ’ हे नाव पुढे योजना वाढल्या तरी टिकून आहे.

प्रत्येक प्रकल्पातील किमान दोनतृतीयांश विद्यार्थ्यांना दोन्ही अटी लागू होतात : कुटुंबाचे करपात्र उत्पन्न दारिद्र्यमर्यादेच्या १५० टक्क्यांहून अधिक नसावे आणि आईवडिलांकडे पदवी नसावी. दुसरी अट विशेष महत्त्वाची. हुशार मुलेही मागे पडतात ती पुष्कळदा वाट दाखवणारे कोणी नसल्यामुळे. पुढच्या शिक्षणासाठी शाळेत कोणते गणित घ्यायला हवे, अर्ज कधी करायचा, आर्थिक साहाय्य कसे मागायचे, हे पदवीधरांच्या घरात जेवताना बोलता बोलता कळते. इतरांना ते कोणीतरी मुद्दाम सांगावे लागते, तेही वेळेत.

म्हणून वर्षभर शिकवणी व मार्गदर्शन चालते. गणित, प्रयोगशाळेतील विज्ञान, परकीय भाषा, निबंधलेखन आणि साहित्य हे विषय कायद्यानेच ठरवलेले आहेत. योजनेचा प्राण मात्र उन्हाळी सत्रात आहे. सुमारे सहा आठवडे विद्यार्थी बहुधा विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतात, तिथल्या वर्गांत शिकतात, ग्रंथालय वापरतात. विद्यापीठ ही आपलीही जागा आहे, हा विश्वास माहितीपत्रक वाचून येत नाही. तिथे राहूनच येतो. खर्चासाठी छोटा भत्ताही देता येतो. त्याची कायदेशीर कमाल मर्यादा उन्हाळ्यात महिना ६० डॉलर, एरवी ४० डॉलर आहे. अभिनेत्री व्हायोला डेव्हिस आणि अंतराळवीर होसे हर्नांडेझ हे या योजनेतून पुढे आलेले विद्यार्थी.

परिणामकारकतेबद्दल मतभेद आहेत. मॅथेमॅटिका या संस्थेने १९९०च्या दशकात सुरू केलेल्या राष्ट्रीय मूल्यमापनात अर्जदारांची सोडत काढून योजनेत घेतलेले व न घेतलेले असे दोन गट केले होते. महाविद्यालयात जाण्याच्या एकूण प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही; मात्र ज्यांनी सुरुवातीला पदवीची अपेक्षाच धरली नव्हती, अशा विद्यार्थ्यांना चांगला लाभ झाल्याचे दिसले. या अभ्यासाच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर नंतर आक्षेप घेतले गेले. तरी हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवा. जी मुले आपण होऊन अर्ज करणार नाहीत, त्यांच्यापर्यंत प्रकल्पानेच पोहोचले पाहिजे, असे त्यातून दिसते.

पुढच्या मूल्यमापनासाठी प्रकल्पांनी नेहमीपेक्षा जास्त विद्यार्थी गोळा करावेत आणि त्यांतील काहींना तुलनेसाठी बाहेर ठेवावे, असे ठरले, तेव्हा शिक्षकांनी व प्रकल्पचालकांनी तीव्र विरोध केला. पात्र मुलाला आशा दाखवून अभ्यासाच्या सोयीसाठी परत पाठवणे त्यांना अन्यायाचे वाटले, आणि ते रास्तच होते. २००८ मध्ये उच्च शिक्षण कायद्यात दुरुस्ती करताना काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) अशा सक्तीला मनाई केली.